कुंपणावरची भरती

आमच्या आगाशीत भरती या शब्दाचा पूर्वी एकच अर्थ होता. अर्नाळ्याला पाणी चढलं, रेतीत टेकलेल्या होड्या हलायला लागल्या, की भरती. हल्ली बायका कुंपणाशी येऊन "भरती निघालीय म्हणे" असं कुजबुजतात तेव्हा कुणाच्या तरी मुलाला मिलिटरीत जायचं असतं.

कुंपण म्हणजे गंजलेली तार आणि तिच्यावर चढलेली तोंडली. मध्ये शेवगा. झाड शेजारच्या वहिनींचं, पण निम्म्या फांद्या आमच्या हद्दीत. शेंग ज्याच्या अंगणात पडेल त्याची, हा आमचा तीस वर्षांचा करार. वहिनींचं माहेर अर्नाळा कोळीवाडा, सासर वाडीवाल्यांचं, म्हणजे बागायतवाल्यांचं. लव्हमॅरेज. तो विषय मोठा आहे, त्याला दुसरी दुपार लागेल.

तर परवा मी कपडे वाळत घालत होते आणि पलीकडून वहिनींचा आवाज आला, "ताई, तीन लाख म्हणजे जरा जास्तच होतात ना हो?"

उशीची खोळ माझ्या हातातच राहिली. "कशाचे तीन लाख?"

वहिनींनी इकडेतिकडे बघितलं. कोळंबी सोलता सोलता पाटच उचलून तारेजवळ आणला. नालासोपाऱ्याला म्हणे एक माणूस आहे. त्याची आत ओळख आहे. वहिनींच्या धाकट्याला मिलिटरीत लावून देतो म्हणतो. काम झालं तर पैसे ठेवणार, नाही झालं तर एकूण एक रुपया परत. "माणूस प्रामाणिक वाटतो हो," वहिनी म्हणाल्या, "परत देतो म्हणतोय म्हणजे."

हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. कारण हाच प्रामाणिकपणा आमच्या चुलत दिरांच्या घरी येऊन गेलाय. मी वहिनींना हिशेब मांडून दाखवला. समजा त्याने वीस पोरांकडून पैसे घेतले. तो करणार काय? काहीच नाही. पोरं आपल्या पायांनी पळणार, आपल्या डोक्याने पेपर देणार. त्यातली दोन-तीन स्वतःच्या जिवावर लागणार. त्यांचे पैसे याच्या खिशात, आणि वर "मी लावलं" हे नाव. उरलेल्यांना परत द्यायचे. सुरुवातीला देतोही, म्हणजे नाव होतं. मग एका वर्षी सगळ्यांचे घेऊन मोबाईल बंद. चुलत दीर त्या बंद वर्षात सापडले.

"आणि खरा खर्च किती माहितीय का? सैन्याच्या अग्निवीर भरतीचा फॉर्म 250 रुपयांचा आहे."

"अडीचशे?" वहिनींनी कोळंबीचा काळा दोरा काढायचा थांबवला. "म्हणजे ही एवढी कोळंबी?"

एवढ्यात सुभेदार आले. सुभेदार म्हणजे मागच्या बिल्डिंगमधले भाडेकरू, मूळ साताऱ्याकडचे, मिलिटरी अपशिंग्याच्या शेजारच्या गावचे. त्या अपशिंग्याच्या 46 माणसांनी पहिल्या महायुद्धात जीव दिला, हे ते ओळख झाल्यावर पाचव्या मिनिटाला सांगतात. स्वतः मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. मुलगा वसईला नोकरीला, म्हणून म्हातारपणी समुद्राकाठी आले. पण समुद्राकडे बघतात ते कुणी परवानगीशिवाय आत शिरल्यासारखं.

"आवो वैनी, आमच्या टायमाला बेळगावात रांगेत हुबा ऱ्हायलो. छाती मोजली, पळवलं, दात बघितले, झालं. संध्याकाळी बापाला पत्र टाकलं. आता तसं न्हाई. आता आधी कंप्युटरवर पेपर."

हे मात्र खरं. 2022 च्या जूनमध्ये अग्निवीर घेणारी अग्निपथ योजना आली. त्या वर्षी आधी मैदान होतं. मुंब्र्याच्या स्टेडियमवर आपल्या पट्ट्यातली पोरं रात्रीपासून रांगेत होती. 2023 पासून क्रम उलटा झाला. आधी ऑनलाइन पेपर, जनरल ड्यूटीसाठी एका तासात 50 प्रश्न, चुकलं तर गुण कापणार. त्यात निभावलं तरच मैदान. म्हणजे राजोडीच्या किनाऱ्यावर पहाटे धावणाऱ्या आमच्या पोरांमधली निम्मी मैदानाचं तोंड न बघताच घरी येतात. दोन वर्षं पळायची तयारी करतात, पेपरची पुस्तकं जाहिरात लागल्यावर आणतात. पायांना लावलेला वेळ आणि डोक्याला लावलेला वेळ यांचं प्रमाण आमच्याकडे पार बिघडलेलं आहे. माझं मत आहे हे, सुभेदारांना पटत नाही.

"पळन्याशिवाय सोल्जर कसला?" सुभेदार म्हणाले. मग त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं. 1.6 किलोमीटर साडेपाच मिनिटांच्या आत आणलं तर पुरे 60 गुण. बीमवर दहा वेळा हनुवटी वर नेली तर 40. नऊ फुटांचा खड्डा उडी मारून पार. वाकड्यातिकड्या फळीवरून तोल सांभाळत चालायचं. "आणि रेतीत पळून काय व्हनार? दम वाढतो, पन वेग न्हाई वाढत. त्याला म्हनावं पक्क्या मैदानात घड्याळ लावून पळ."

"तो पळतो हो," वहिनी म्हणाल्या. "पळण्याचं टेन्शन नाही. उंचीचं आहे."

उंचीची गोष्ट साऱ्या आळीला ठाऊक आहे. धाकटा गेली दोन वर्षं आमच्या आंब्याच्या आडव्या फांदीला रोज सकाळी लटकतो. फांदी खाली आली, तो वर गेला नाही. सुभेदारांनी त्याला मागेच आपल्या दरवाज्याच्या चौकटीला टेकवून, डोक्यावर वही धरून, पेन्सिलने रेघ मारली होती. 165. महाराष्ट्रातल्या मुलाला जनरल ड्यूटीला 168 लागते. तीन सेंटिमीटर म्हणजे किती, तर सुभेदारांच्या मिशीची रुंदी. ती रेघ अजून चौकटीवर आहे. वहिनी त्यांच्याकडे विरजण मागायला गेल्या की तिच्याकडे बघत नाहीत.

"म्हणून तर तीन लाख," वहिनी हळूच म्हणाल्या. "तो माणूस म्हणतो, उंचीचं बघून घेऊ."

"तो काय त्याला खत घालणार आहे?" मी म्हटलं. सुभेदार हसले. वहिनी हसल्या नाहीत, तेव्हा मला वाईट वाटलं.

आता मला जे माहीत होतं ते सांगायची वेळ आली. नौदलाला अग्निवीर म्हणून जायला 157 सेंटिमीटर उंची पुरते. वायुदलाला तर 152. आणि धाकट्याला बारावीला सायन्स, गणित-फिजिक्स घेऊन 58 टक्के आहेत. नौदलाच्या एस.एस.आर. भरतीला तेवढं चालतं. म्हणजे ज्या पोराला आपण दोन वर्षं झाडाला टांगून ठेवलं, तो दुसऱ्या दाराने सरळ उभा राहून आत जाऊ शकतो.

वहिनींचा चेहरा बघण्यासारखा झाला. आनंद नव्हे, संतापच. "नेव्ही? म्हणजे परत समुद्र? ताई, माझे दोन भाऊ अजून जाळं ओढतात. पावसात होडी आली नाही की माझी आई उंबऱ्यावर बसून असायची. मी वाडीवाला नवरा केला तो उगाच का? पोराला पाण्यातून बाहेर काढायला आयुष्य घालवलं, आणि तुम्ही सांगताय नेव्ही!"

लव्हमॅरेजचं हे कारण मी तीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. 

मग त्यांना आठवलं की कोळीवाड्यातल्या एका पोराने 'नेव्ही' म्हणून पाच लाख भरले होते आणि त्याचं पुढे काही झालंच नाही. ते मर्चंट नेव्ही होतं. आमच्याकडे या दोन गोष्टींचा घोळ पक्का आहे. मर्चंट नेव्ही म्हणजे मालवाहू जहाजावरची कंपनीची नोकरी. तिच्या कोर्सला पैसे भरावे लागतात आणि त्यातच दलालांचं फावतं. नौदल म्हणजे सरकारी, लढाऊ. त्याची परीक्षा फी साडेपाचशे आणि वर जीएसटी, पुढे ओडिशात आय.एन.एस. चिल्काला ट्रेनिंग, तेही सरकारच्या खर्चाने. कोस्ट गार्ड ही आणखी तिसरी गोष्ट. त्यांचं स्टेशन आपल्याच जिल्ह्यात डहाणूला आहे. पण डहाणूला लोक चिकू आणायला जातात, चौकशी करायला कोण जातंय.

"आनि गोंदलेलं काय न्हाई ना त्याच्या अंगावर?" सुभेदारांनी मध्येच विचारलं.

नाही, पण हे विचारायचं कारण आहे. पलीकडच्या आळीतल्या एकाने मानेवर इंग्रजीत नाव काढून घेतलंय. मुलीचं. कोपरापासून मनगटापर्यंत आतल्या बाजूला किंवा हाताच्या पंज्यामागे असतं तर सैन्याने चालवून घेतलं असतं. आदिवासींच्या परंपरेच्या गोंदणाला तर वेगळी सवलतच आहे. मानेला नाही. आता त्या मुलीचं लग्न ठरलंय बोईसरला, आणि हा शर्टची कॉलर उभी करून फिरतो. त्याची आई सांगते, मेडिकलमध्ये सपाट तळवे निघाले म्हणून.

"पण ताई, चार वर्षांनी परत पाठवतात ना?" वहिनींनी खरा प्रश्न काढला. 

पाठवतात. शंभरातल्या पंचवीसांना ठेवतात, बाकीच्यांना चार वर्षांनी नमस्कार. पहिल्या वर्षी महिना 30 हजार, त्यातले 30 टक्के कापून हातात 21 हजार. चौथ्या वर्षी 40 हजार. कापलेल्यात सरकार तेवढीच भर घालतं आणि शेवटी व्याजासकट 11 लाख 71 हजारांच्या आसपास हातात येतात. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. चार वर्षं लग्नही नाही.

"लग्न नाही हे बरं आहे," वहिनी म्हणाल्या.

सुभेदारांना मात्र पेन्शन नाही हे काही केल्या गिळवत नाही. त्यांच्या मते पलटणीत माणूस मुरायला दहा वर्षं लागतात, लोणच्यासारखा. चार वर्षांत फक्त मीठ लागतं. असेलही. मला वेगळी काळजी वाटते. पंचविशीच्या आतला पोरगा अकरा लाख घेऊन विरार स्टेशनला उतरला, की जिना संपायच्या आत कुणी ना कुणी त्याच्या हातात नव्या टॉवरचं रंगीत पत्रक ठेवील. ते पैसे बुकिंगला जातील आणि मग हप्ते फेडायला हा वालीवच्या गाळ्यात बारा तास उभा राहील. योजना वाईट की चांगली हे मोठ्या लोकांनी ठरवावं. पण घेणाऱ्याने ती चार वर्षांची आहे हे पहिल्या दिवशी कॅलेंडरवर लिहून घ्यावं, पाचव्या वर्षाचं आपलं आपण बघावं.

"ऑफिसर होतात त्यांना नसेल हे चार वर्षांचं," वहिनी म्हणाल्या. "पण ते मोठ्या घरच्यांचं. आपल्या विरारातून कोण झालंय?"

मी कपड्यांची बादली खाली ठेवली. "वहिनी, गौरी महाडिक हे नाव ऐकलंय का?"

"साताऱ्याच्या त्या?" 

"त्या स्वाती महाडिक," सुभेदार म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. "कर्नल संतोष महाडिक, कुपवाड्याला गेले, 2015. त्यांच्या पत्नी. 2017 ला ऑफिसर झाल्या."

आडनाव एक, म्हणून लोकांचा गोंधळ होतो. गौरी महाडिक आपल्या विरारच्या. पती मेजर प्रसाद महाडिक बिहार रेजिमेंटमध्ये. 2017 चा डिसेंबर संपता संपता तवांगजवळ, चीनच्या सीमेलगत, त्यांच्या निवाऱ्याला आग लागली आणि त्यात ते गेले. लग्नाला तीन वर्षंही झाली नव्हती. गौरी कंपनी सेक्रेटरी, कायद्याची पदवी घेतलेली, मुंबईत चांगली नोकरी. ती सोडली आणि सैन्याच्या मुलाखतीच्या तयारीला लागल्या. भोपाळच्या बोर्डासमोर उभ्या राहिल्या तेव्हा छातीवरचा नंबरही प्रसादना पूर्वी मिळालेलाच आला, असं तेव्हा पेपरात छापून आलं होतं. पुढे चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीत 49 आठवडे. 2020 च्या मार्चमध्ये लेफ्टनंट.

"वहिनी, लष्करातल्या माणसाच्या विधवेसाठी वेगळं दार आहे. वय 35 पर्यंत. आणि जागा? कोर्सला एक टेक्निकलची, एक त्याशिवायची. देशभरातून." 

"एकच?"

"टेक्निकल सोडली तर एकच. ती विरारच्या बाईने मिळवली."

कुणीच काही बोललं नाही. शेवग्यावर कावळा होता, तोही उडून गेला. आणखी एक गोष्ट त्या दिवसांची मला आठवते: 17 फेब्रुवारी 2020 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सैन्यातल्या बायकांनाही कायम कमिशन द्या, आणि त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत गौरी खांद्यावर तारे लावून बाहेर पडल्या. त्याच महिन्यात टाळेबंदी आली, विरार लोकल बंद झाली आणि आपण सगळे दूध कुठे मिळतं त्याच्या चर्चेत बुडालो.

"ते इंटरव्ह्यूचं पाच दिवसांचं काय असतं?" वहिनींनी विचारलं. मला विचारायचं कारण, माझी भाची त्याला गेली होती. कॉलेजात तिने एन.सी.सी.चं सी सर्टिफिकेट घेतलं, बी ग्रेड मिळाली, पदवीला पन्नास टक्क्यांच्या वर होती. एवढ्यावर लेखी परीक्षा माफ, थेट एस.एस.बी., म्हणजे ती पाच दिवसांची मुलाखत, हे तिच्या घरी कुणालाच माहीत नव्हतं; तिला कॅम्पमधल्या मैत्रिणीने सांगितलं. पहिल्या खेपेला थ्री टायर एसीचं येण्याजाण्याचं भाडंसुद्धा सरकारने दिलं. पहिल्याच दिवशी एक धूसर चित्र दाखवून गोष्ट लिहायला लावली, मग गटात बसवून तीच चर्चेला. त्यात ती बाहेर. संध्याकाळच्या गाडीत बसून मला फोन: "मावशी, पोरींनी एवढा आरडाओरडा केला की माझी गोष्ट पोटातच राहिली." दुसऱ्या वेळी टिकली. साठ शब्द, प्रत्येक शब्दाला पंधरा सेकंद, तेवढ्यात वाक्य लिहायचं. 'अंधार' आला की आमच्या पोरी 'भुताची भीती' लिहितात. तिने 'टॉर्चचे सेल आठवड्याने बदलते' असं लिहिलं म्हणे. तरी निवड नाही झाली. तिसऱ्यांदा जाणार आहे, भाडं आता स्वतःचं.

तुम्ही म्हणाल, हिला एवढं कसं माहीत. वहिनीही कधी ना कधी विचारणारच होत्या. माझ्या मुलाला एन.डी.ए.ला जायचं होतं. खडकवासल्याला एकदा सहलीला गेला तेव्हापासून. आम्हाला वाटायचं, आधी पदवी होऊ दे, मग बघू. एन.डी.ए.ला साडेसोळा ते साडेएकोणीस एवढंच वय, बारावीच्या वर्षातच परीक्षा देता येते, वर्षातून दोनदा होते, हे आम्हाला तो एस.वाय.ला असताना कळलं. दहावीनंतर दोन वर्षं याच परीक्षेची तयारी करून घेणारी संभाजीनगरची एस.पी.आय. संस्था राज्य सरकारचीच, 1977 पासूनची. तिचं नावही आम्ही ऐकलं नव्हतं. आता तर नाशिकला मुलींसाठीही तशी संस्था झाली, आणि 2025 च्या मेमध्ये एन.डी.ए.तून पहिल्या सतरा मुली बाहेर पडल्या. पुढे पदवीनंतर ऑफिसर व्हायला सी.डी.एस.ची परीक्षा होतीच की, पण तोवर त्याचं मन उडालं. आता तो रोज विरार फास्टने चर्चगेटला जातो. तक्रार करत नाही. त्याला गाड्यांचं टाइमटेबल तोंडपाठ आहे, आमच्या आळीत सगळ्यांनाच आहे. जे पाठ असायला हवं होतं ते नव्हतं.

म्हणून मी त्या दिवसापासून कुणाच्याही पोराचं नाव निघालं की आधी जन्मतारीख विचारते. लोकांना वाटतं, हिला पत्रिका जुळवायचीय.

"वहिनी, धाकट्याची तारीख काय? नेव्हीची जाहिरात परवाच लागलीय. त्यात दोन तारखा असतात, या दिवसापासून त्या दिवसापर्यंत जन्मलेला. एक दिवस इकडेतिकडे चालत नाही."

वहिनी हात पुसून आत गेल्या. पत्र्याची पेटी उघडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ शोधाशोध. दाखला घेऊन आल्या त्या सासऱ्यांना बोल लावतच. "आबांनी घोळ घातला हो! हा जन्मला गणपतीत. आबांनी पहिलीत लवकर बसावा म्हणून शाळेत दहा महिने वाढवून तारीख लावली. तेव्हा मी म्हटलं होतं!"

"दहावीच्या सर्टिफिकेटवर जी असेल तीच धरतात."

मी चष्मा लावून दाखला बघितला, मग फोनवरची जाहिरात, मग परत दाखला. सुभेदार तारेवरून वाकले. "किती ऱ्हायलं?"

"कागदाप्रमाणे एवढी एकच भरती मिळते."

तेवढ्यात धाकटा फाटकातून आत आला. पोटऱ्यांना ओली रेती, हातात चपला. आईच्या हातात दाखला बघून त्याला वाटलं, आपण काहीतरी केलंय. सुभेदारांनी त्याला हाक मारली, "इकडं ये. नेव्हीत जानार का?" तो आईकडे बघायला लागला. वहिनी शेवग्याकडे. मग म्हणाल्या, "त्याला पोहता येतं. माझ्या भावाने शिकवलंय. मला न विचारता."

आमच्याकडे नेटवर्क शेवग्याखालीच नीट येतं. म्हणून तिथेच, तारेच्या इकडे मी आणि तिकडे तो, फॉर्म उघडून बसलो. सुभेदार मध्ये उभे राहून स्पेलिंग सांगत होते, तीही चुकीची. कोळंबीवर मांजर आली, तिला कुणी हाकललं नाही. मोबाईल नंबर विचारला तेव्हा त्याने सवयीने बापाचा टाकला, आणि ओटीपी तिकडे गेला. बाप त्या वेळी भाईंदरच्या खाडीपुलावर, डब्याच्या दाराला लटकलेला.